पाण्याच्या ताळेबंदाचा पट: टचस्क्रीन घ्यावा की सोंगट्या?

लातूर जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चार विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्यापैकी एकाच्या गावात ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती मिळते आणि किती लागते याचा हिशेब, मांडायचा आहे. गावाची लोकसंख्या सुमारे दोन हजार आणि शिवार सुमारे हजार हेक्टर आहे. पंचावन्न इंची टचस्क्रीनचे टेबल करून त्यावर गावाचा नकाशा आणि पिकांची आकडेवारी दाखवावी, असे त्यांनी ठरवले होते. मात्र त्यांच्या मार्गदर्शकांनी लाकडी ठोकळे आणि सेन्सर वापरून पाहण्यास सुचवले. या दोहोंपैकी काय निवडावे, सेन्सर कोणते घ्यावेत आणि अशा कामात कोठे चुका होतात, हे त्यांना हवे आहे.

ठोकळे निवडा. मात्र त्याचे कारण तुमच्या मार्गदर्शकांच्या मनात असेल त्याहून बहुधा वेगळे आहे. ठोकळे आकर्षक दिसतात, लोक त्यांच्याभोवती जमतात, छायाचित्रे चांगली येतात. या साऱ्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. वस्तू आणि संगणक यांना जोडणारी उपकरणे मी छत्रपती संभाजीनगरात गेली अठरा वर्षे करतो आहे, आणि एखादे उपकरण कामाला हात घालण्याजोगे आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याचा विजेचा तार उपटून पाहतो. तार काढल्यावरही मांडलेल्या वस्तू काही खरे सांगत असतील, तर त्यांना संगणक जोडण्यात अर्थ असतो. तार काढताच त्या मुक्या होत असतील, तर तुम्ही टचस्क्रीनच केला आहे, फक्त लाकडाचा आणि अधिक महाग.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत असल्याचे शिल्प आहे. त्या खेळात कोणाची सोंगटी कोठे आहे हे वेगळे नोंदवून ठेवावे लागत नाही, कारण पट हीच नोंद असते. डाव अर्धवट टाकून जेवायला उठले तरी परत आल्यावर तो तसाच मांडलेला सापडतो. संगणकाच्या जगात हा विचार बराच उशिरा आला. १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ड्युरेल बिशप यांनी निरोप साठवणाऱ्या दूरध्वनी यंत्राची एक रचना मांडली. तिच्यात आलेला प्रत्येक निरोप म्हणजे बाहेर पडणारी एक गोटी होती. गोटी खाचेत ठेवली की निरोप ऐकू येई आणि गोट्या मोजल्या की निरोप किती आले ते कळे. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी या विचाराला सिद्धान्ताचे रूप दिले. तुमच्या कामाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे जॉन अंडरकॉफलर आणि इशी यांनी १९९९ मध्ये मांडलेले नगररचनेचे टेबल. त्यावर इमारतीची प्रतिकृती ठेवली की तिची सावली टेबलावर प्रकाशाने उमटे आणि प्रतिकृती सरकवली की सावलीही सरके. सोंगटी, पट आणि पटावर उमटणारा परिणाम ही तुम्हाला हवी असलेली सारी सामग्री त्यात आहे. इतिहास एवढाच पुरे.

आता तुमच्या गावाचे गणित करू, कारण सोंगटीचा आकार त्यातूनच निघणार आहे. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी. सातशे मिलिमीटर पाऊस झालेल्या वर्षी तुमच्या हजार हेक्टरांवर सुमारे ७०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते, काही वाहून जाते, आणि जिरणारा भाग मोजण्यासाठी तुम्हाला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी पाहाव्या लागतील. मागणीची बाजू अधिक बोलकी आहे. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या मापाने दोन हजार लोकांना वर्षभरात सुमारे चार कोटी लिटर पिण्याचे व घरगुती पाणी लागते. उसाची पूर्ण हंगामाची गरज साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर धरली जाते. मधला २००० मिलिमीटरचा आकडा घेतला, तर पाच एकर उसाला जवळपास तेवढेच चार कोटी लिटर पाणी लागते. त्यात पावसातून परस्पर मिळणारा वाटाही आला, हे सभेत स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर पहिलाच ऊस उत्पादक उठून तुमचा हिशेब खोटा ठरवील, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल. तरीही पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी एकाच मापात बसते, ही गोष्ट उरतेच.

म्हणून एक सोंगटी म्हणजे पाच एकर, असे ठरवा. तुमचे शिवार साधारण सव्वातीन किलोमीटर लांब-रुंद असेल आणि पट चार फुटांचा केलात, तर त्या प्रमाणात पाच एकरांचा चौरस सव्वापाच सेंटिमीटर बाजूचा होतो, म्हणजे मुठीत सहज मावणारा ठोकळा. हा योगायोग दवडू नका. सोंगटीने पटावर व्यापलेली जागा आणि शेताने शिवारात व्यापलेली जागा एकाच प्रमाणात असली, की नकाशा समजावून सांगावा लागत नाही. लोक आपापली शेते स्वतःच शोधतात, आणि पहिली दहा मिनिटे तेवढेच करतात. ती त्यांना करू द्यावीत.

जागा क्षेत्र सांगते, तर उंचीने पाणी सांगावे. एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास लाख लिटर असे माप धरले, तर उसाची सोंगटी आठ सेंटिमीटर उंच होते. पाचशे मिलिमीटर गरज धरलेल्या सोयाबीनची दोन सेंटिमीटर होते, आठशे धरलेल्या कापसाची तीनहून थोडी अधिक आणि ज्वारीची दोनहून किंचित कमी. पिण्याच्या पाण्याची सोंगटी घागरीच्या आकाराची करा, पण उंची तीच आठ सेंटिमीटर ठेवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेल्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. या मापाने त्याची उंची एक मिलिमीटर भरते, म्हणजे पुठ्ठ्याच्या तुकड्याएवढी. तो पुठ्ठा उसाच्या सोंगटीशेजारी ठेवलात तर वेगळे भाषण करावे लागणार नाही. पिकांच्या गरजेचे नेमके आकडे मात्र माझ्यावर किंवा इंटरनेटवर विसंबून घेऊ नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना विचारून तुमच्या भागातील जमीन आणि हंगामाप्रमाणे ते ठरवून घ्या, आणि आकडे ठरल्याशिवाय लाकडाला करवत लावू नका.

येथवर विजेचा एक थेंबही वापरलेला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. आता सेन्सर.

विद्यार्थी सहसा आरएफआयडीकडे, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखण्याच्या तंत्राकडे, वळतात, कारण तो जादूसारखा वाटतो. प्रत्येक सोंगटीच्या बुडाला एक चकती चिकटवायची आणि खाली वाचक यंत्र ठेवायचे. एक-दोन जागांसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण स्वस्त वाचक यंत्राला तीन-चार सेंटिमीटरांपलीकडचे वाचता येत नाही. तुमच्या पटावर पाच एकरांच्या जवळपास पाचशे जागा होतात, आणि पाचशे वाचक बसवणे हा वेडेपणा आहे. शिवाय धातू जवळ आला की त्याचे तंत्र बिघडते. एका प्रदर्शनात बिदरीकामाच्या वस्तू उचलून ठेवल्यावर त्यांची माहिती ऐकू यावी, अशी रचना मी केली होती. कार्यशाळेत लाकडी नमुन्यांवर ती अचूक चालली. प्रत्यक्षात जस्त-तांब्याच्या जड वस्तू आल्यावर एकही वाचली गेली नाही. शेवटी प्रत्येकीखाली सेंटिमीटरभर लाकडाची बैठक दिली तेव्हा काम निभावले, आणि वस्तू आधी हातात घेऊन मगच सेन्सर ठरवायचा, हा धडा मला उद्घाटनाच्या आदल्या रात्री मिळाला.

वर कॅमेरा लावून सोंगट्यांच्या डोक्यावरील ठसे ओळखणे, हा दुसरा मार्ग. त्यासाठी लागणाऱ्या प्रणाली खुल्या आणि विनामूल्य आहेत, तुम्हाला त्या येतही असतील. सोंगट्या कितीही वाढल्या तरी खर्च वाढत नाही, ही त्याची मोठी सोय. अडचण अशी की ग्रामसभा प्रयोगशाळेत भरत नाही. ती समाजमंदिरात किंवा पारावर भरते. दाराकडून उन्हाचा पट्टा येतो आणि अर्ध्या तासात सरकतो, लोक वाकून पाहतात, तेव्हा फेटे आणि पदर कॅमेऱ्याच्या आड येतात. पटावर प्रोजेक्टरने चित्र टाकण्याचा विचार असेल तर दिवसाउजेडी ते फिके पडते. वाळूवर प्रकाशाने समोच्चरेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी घडवलेली वाळूची पेटी तुम्ही पाहिली असेल. शाळेत पाणलोट शिकवायला ती सुंदर आहे. तुमच्या सभेत मात्र लोकांना स्वतःची विहीर पाहायची असते, आणि वाळूत विहीर टिकत नाही.

मला सुचवायचा आहे तो तिसरा मार्ग, आणि तो फारच साधा आहे. सगळ्या सोंगट्या एकाच लाकडाच्या आणि एकाच चौरसाच्या असतील, तर उंचीच्या प्रमाणात वजनही आपोआप बदलते. सागवानाची उसाची सोंगटी दीडशे ग्रॅमच्या आसपास भरेल, सोयाबीनची पस्तीस-चाळीस ग्रॅम. घागरीचा आकार वेगळा असल्याने तिचे वजन मात्र उसाच्या सोंगटीएवढे जुळवून घ्या. म्हणजे पाण्याची मागणी आता वजनात उतरली आहे. पटाच्या चार कोपऱ्यांखाली चार लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, बसवा, आणि कोणती सोंगटी कोठे आहे हे अजिबात न ओळखता गावाची एकूण मागणी तुमच्या हाती येते. एक ग्रॅम म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या आसपास. याचे साहित्य काही शे रुपयांत मिळते. चारही कोपऱ्यांवरील वजनात झालेला फरक पाहिला, तर शेवटची सोंगटी साधारण कोणत्या भागात ठेवली गेली हेही काढता येते, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, एवढे कळायला ते पुरेसे आहे.

ही पद्धत मी सुचवतो त्याचे कारण केवळ स्वस्ताई नाही. मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या प्रत्येकाला काटा कळतो, आणि काटा मारणेही कळते. मागणी वजनात मांडली की तुमच्या यंत्रावर संशय घेण्याची रीतसर सोय लोकांना मिळते, आणि माझ्या मते अशा टेबलाकडून अपेक्षा करायची ती हीच. सभेच्या सुरुवातीला रिकामा पट सर्वांसमोर शून्यावर आणा. मग कोणालाही एक सोंगटी आधी किराणा दुकानातल्या काट्यावर आणि मग पटावर ठेवून पाहायला सांगा. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतात, त्यामागेही हाच विचार आहे. मतदान यंत्र हे आपल्याकडचे वस्तू आणि संगणक यांच्या जोडणीचे सर्वांत परिचित उदाहरण असूनही रचनाकार त्याकडे फारसे पाहत नाहीत, याचे मला नवल वाटते. बोटाला जाणवणारी खटक्याची कळ, तिच्याशेजारी लागणारा लाल दिवा, लांबवर ऐकू जाणारा आवाज आणि काचेआड सात सेकंद दिसणारी पावती: एकाच कृतीला चार उत्तरे, आणि त्यांपैकी आवाज खोलीतल्या इतरांसाठी.

लोडसेलच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. लोक पटावर कोपरे टेकतात. त्यासाठी वजन घेणारा पट एका स्थिर चौकटीच्या आत, तिला कोठेही न चिकटता बसवा. कोपरे चौकटीवर टेकतील आणि पट मोकळा राहील. भेगेत भुईमुगाची टरफले अडकतात, म्हणून फट पाच मिलिमीटरहून कमी ठेवू नका. दुसरी गोष्ट अशी, की लोडसेलचे वाचन घेणारे प्रचलित मोड्यूल सेकंदाला १० किंवा ८० वाचने देते आणि बहुधा १० वरच जोडलेले येते. त्यावर सरासरी काढत बसलात तर सोंगटी ठेवल्यानंतर सेकंदभर काहीच घडत नाही, आणि समोरचा माणूस ती पुन्हा दाबून बसवतो. जोडणी बदलून ८० वर घ्या. वजनात बदल जाणवताक्षणीच, म्हणजे एक दशांश सेकंदाच्या आत, चौकटीवरचा दिवा लागू द्या आणि अचूक आकडा मागाहून येऊ द्या. 'कळले' हे ताबडतोब सांगायचे असते, 'किती' हे सावकाश सांगितले तरी चालते. तिसरी गोष्ट लाकडाची आहे. एकाच फळीतून कापलेल्या ठोकळ्यांतही पाच-दहा टक्के फरक निघतो. जड निघालेल्याला बुडातून भोक पाडा, हलक्याच्या भोकात लोखंडी छर्रे भरा आणि मेणाने बंद करा. त्रिमित मुद्रणाच्या (थ्रीडी प्रिंटिंगच्या) ठोकळ्यांचा मोह आवरा. नेहमीचे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद जीपमध्ये माझा एक पूर्ण संच वाकडा झालेला आहे. गावातला सुतार हे काम त्याहून चांगले करील.

परिणाम दाखवण्यासाठी पडदा लागेलच, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तो लावू नका, निदान पटाशेजारी तरी नको, कारण पडदा लागताच सर्वांची नजर तिकडे जाते आणि सोंगट्या नुसते बटण होऊन बसतात. मराठीत परिणाम दाखवण्याची एक रीत आधीच तयार आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. पटाच्या कडेला दीड फूट उंचीचा, एका बाजूने काच लावलेला छोटा आड करा, त्यावर रहाट आणि दोराला टांगलेला पोहरा. उपलब्ध पाण्यातून पटावरची मागणी वजा होत जाईल तसा स्टेपर मोटरने, म्हणजे ठराविक पावलांनी फिरणाऱ्या मोटरने, दोर सुटत जातो आणि पोहरा खाली उतरतो. दोर लांबणे म्हणजे काय हे मराठवाड्यात कोणाला शिकवावे लागत नाही. पोहरा उतरायला तीन-चार सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ सगळी सभा गप्प असते. काचेवर गेल्या काही वर्षांतील मे महिन्याची पाण्याची पातळी वर्षासह रंगवून ठेवा.

पोहऱ्यात आणि आडात खरे पाणी भरण्याचा विचार तुमच्या मनात येईल. माझ्याही आला होता. विजेजवळ पाणी ठेवू नये हे एक कारण, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाण्याचा खेळ मांडणे शोभत नाही हे दुसरे.

पाऊसमान बदलण्यासाठी एक फिरती चावी द्या: दुष्काळी, कमी, सरासरी, चांगले. येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ते गोल गोल फिरणारा एन्कोडर लावतात, कारण तो स्वस्त आणि गुळगुळीत असतो. पण तो फक्त किती फिरवले एवढेच सांगतो, कोठे आहे हे सांगत नाही. वीज गेली आणि आली की चावीचा काटा 'दुष्काळी'वर असतो आणि संगणक 'सरासरी' धरून चालतो. त्याऐवजी खटक्यांची, ठराविक जागांची चावी किंवा पोटेन्शिओमीटर (जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा, दोन टोकांमध्येच फिरणारा) वापरा. त्याची जागा हीच त्याची नोंद असते. तोच नियम मोटरलाही लागू आहे. स्टेपर मोटरला स्वतःची जागा ठाऊक नसते, म्हणून सुरू होताच पोहरा वरच्या मर्यादा-खटक्याला टेकून यावा आणि मग पटाचे वजन वाचून योग्य जागी उतरावा. थोडक्यात, रिकाम्या पटाचा शून्य सोडला तर तुमच्या प्रणालीने काहीही लक्षात ठेवू नये. प्रत्येक वेळी पट वाचून घ्यावा. मग सभेत वीज कितीही वेळा गेली तरी डाव मोडत नाही. वीज स्वतःचीच आणा. मोबाइल भरण्याची पॉवर बँक मात्र आणू नका, कारण विजेचा उपसा अगदी कमी असला की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची बॅटरी दिवसभर पुरते.

आता तांत्रिक नसलेला, पण माझ्या अनुभवाने सर्वांत जास्त प्रकल्प बुडवणारा भाग. पंचावन्न इंची टचस्क्रीनवर प्रत्यक्षात एकच बोट चालते, आणि ते कोणाचे असेल हे तुम्हाला तुमच्या गावात माझ्याहून चांगले ठाऊक आहे. शिवाय कष्टाने भेगाळलेल्या कोरड्या बोटांना टचस्क्रीन नीट प्रतिसाद देत नाही. दोन-तीनदा दाबूनही काही झाले नाही की माणूस हसून बाजूला होतो आणि परत येत नाही. एका गावातील अशाच सभेत मी हे पाहिले आहे. तेथे टेबल कमरेएवढे उंच होते आणि एका बाजूने भिंतीला लावले होते. पुढे सात-आठ पुरुष उभे राहिले आणि सतरंजीवर बसलेल्या बायकांना त्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. पाणी आणणाऱ्या त्या, आणि पटापासून सर्वांत दूरही त्याच. दोष टेबलाचा होता, आणि टेबल मी केलेले होते.

तेव्हापासून मी असे पट चौरंगाच्या उंचीचे, म्हणजे पस्तीस-चाळीस सेंटिमीटरांचे करतो आणि सभेच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळे ठेवतो. सर्वांना बसावे लागते, आणि बसल्यावर हात सारख्याच अंतरावर पोहोचतात. सोंगट्या टेबलावर ढीग करून ठेवायच्या नाहीत. सभा सुरू होण्यापूर्वी पिशवीतून वाटायच्या: ज्याच्या घरी जे बागायत आहे त्याच्या हाती त्याची सोंगटी, आणि घागरीची सोंगटी एखाद्या पाणी भरणाऱ्या बाईच्या हाती. ती घागर सर्वांत आधी पटावर ठेवली जावी, हा क्रम तुम्ही ठरवून द्या. बाकीचा क्रम लोक ठरवतील. कोरडवाहू खरिपासाठी सोंगट्या देऊ नका, ते क्षेत्र नकाशावर रंगवलेलेच असू द्या आणि त्याचा वाटा उपलब्ध पाण्यातून आधीच वजा धरा. म्हणजे पाचशेऐवजी साठ-सत्तर सोंगट्यांत काम भागते. पिके रंगावरून ओळखायला लावू नका. लाल-हिरवा भेद नीट न कळणारे काही पुरुष सभेत असू शकतात. उसावर खाचा, मोसंबीवर गोल घळ, हरभऱ्यावर ठिपके, असे बोटांना कळणारे कोरीवकाम करून घ्या.

एका मर्यादेची कबुली सभेतच द्या. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे आणि त्यातले पाणी भेगांमधून असते. शेजारच्या दोन बोअरपैकी एकाला दोन इंची पाणी लागते आणि दुसरा कोरडा जातो, हे लोकांनी पैसे घालवून अनुभवलेले आहे. तुमचा एकच आड सबंध गावाचा हिशेब सांगतो, कोणाच्याही विहिरीचा सांगत नाही. 'माझ्या विहिरीला किती राहील?' असे कोणी विचारले, तर पट ते सांगू शकत नाही, एवढेच उत्तर द्यावे.

टचस्क्रीनसाठीचा निधी मिळालाच असेल, तर सभेनंतरच्या कामाला तो लावा. मांडलेल्या पटाचे वरून एक छायाचित्र घ्या आणि बिल छापतात त्या लहान छपाई यंत्रावर एकूण मागणी, उपलब्धता आणि तारीख यांची पावती छापून ठराव वहीत चिकटवा. हंगामनिहाय बारकावे, मागच्या वर्षाशी तुलना, ठिबक केल्यास पडणारा फरक, हे सारे पडद्यावर चांगले दिसते आणि ते पाहायला पाच-सहा जणच बसतात.

कामाचा क्रम असा ठेवा. खरिपाचा पाऊस कळलेला आणि रब्बीची निवड व्हायची बाकी, अशी वेळ २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला साधते, म्हणून ती गाठायचे ठरवा. जुलैमध्ये पुठ्ठ्याचा नकाशा, साबणाच्या वड्यांच्या सोंगट्या आणि दोर हाताने ओढणारा तुमच्यापैकी एक जण, एवढ्यावर एखाद्या वाड्यात किंवा देवळात दोन बैठका घ्या. दोर ओढणारा कळसूत्री बाहुल्यांच्या सूत्रधारासारखा पाठीमागे बसून मोबाइलवर बेरीज करील. लोकांनी सोंगटी कशी धरली, कोठे ठेवली, ठेवल्यावर कोणाकडे पाहिले, एवढेच लिहून काढा. या दोन बैठकांत निम्म्या कल्पना गळून पडतात आणि त्या फुकटात गळतात. लोडसेलची मागणी त्यानंतर नोंदवा.

शेवटची एक तयारी. तुम्ही न धरलेले पीक कोणीतरी नक्की काढील. जालना-बीडकडे रेशीम वाढल्यापासून मला दर वेळी तुतीबद्दल विचारले गेले आहे. त्यासाठी सोंगट्यांच्याच फळीतून, त्याच चौरसाची हातभर लांब दांडी आणि एक बारीक दातांची करवत सोबत ठेवा. त्या पिकाला पाणी किती धरायचे यावर सभेत काय ती चर्चा होऊ द्या, ठरलेल्या उंचीवर पेन्सिलीने रेघ मारा, आणि ज्याचे पीक आहे त्यालाच ती कापू द्या. तुकडा पटावर ठेवला की काटा त्याचे वजन धरतोच, प्रोग्राममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही.